हृदयाच्या अकार्यक्षमतेवरील मज्जातंतू-उद्दीपक साधने

हृदयाची पंपशक्ती क्षीण झाल्यावर स्वायत्त मज्जासंस्थेचा बिघडलेला समतोल सावरण्यासाठी शरीरात बसवली जाणारी विद्युत् साधने. अशा वेळी शरीर अनुकंपी मज्जासंस्थेचा, म्हणजे ठोके व रक्तदाब वाढवणाऱ्या यंत्रणेचा, जोर वाढवते. पण हा तातडीचा उपाय महिनोन्महिने चालू राहिला, की थकलेल्या स्नायूवरचा भार वाढून तो आणखी खंगतो. पेसमेकर थेट हृदयाच्या स्नायूला स्पंद देतो, ही साधने मात्र मज्जातंतूंमधील संदेशांत बदल घडवतात.

यांपैकी बॅरोस्टिम निओ या साधनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2019 मध्ये मान्यता दिली. मानेतील कॅरोटिड धमनी जिथे दुभागते, तिथल्या किंचित फुगीर भिंतीत रक्तदाब जोखणारे दाबग्राही असतात. त्या भिंतीवर बाहेरून छोटा विद्युत् अग्र टाचून त्याची तार छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली ठेवलेल्या स्पंदजनित्रापर्यंत नेतात. स्पंद मिळताच रक्तदाब वाढल्याचा संदेश मेंदूला पोचतो आणि, ही एक प्रकारची फसवणूकच असली तरी, मेंदू अनुकंपी चेतना कमी करून ठोके मंदावणारी परानुकंपी चेतना वाढवतो. चाचणीत सहा महिन्यांत रुग्णांची चालण्याची क्षमता व जीवनमान सुधारले. मृत्यू व रुग्णालयातील भरती घटल्याचे मात्र दीर्घ पाठपुराव्यात निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

परानुकंपी संदेश हृदयाकडे नेणारा मानेतील व्हेगस मज्जातंतू थेट उद्दीपित करण्याचा मार्ग तर्काने अधिक सरळ वाटतो, तरी 707 रुग्णांवरील इनोव्हेट-एचएफ चाचणीत (2016) मृत्यूचे वा आजार बळावण्याचे प्रमाण घटले नाही. स्पंदांची तीव्रता व वारंवारता किती असावी, हा प्रश्न त्यामुळे अधिकच कळीचा ठरला.