कायदा, वाणिज्य आणि तंत्रविद्या : संयुक्त पदव्युत्तर अध्ययनाची पूर्वपीठिका

कायदा, वाणिज्य व तंत्रविद्या या तीन शाखांचे पदवीनंतर एकत्र अध्ययन करण्याची पद्धती आपल्याकडे नवी समजली जाते. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००६ साली बौद्धिक संपदेच्या कायद्यासाठी स्वतंत्र विद्यालय काढले आणि अभियांत्रिकी, विज्ञान वा व्यवस्थापन या शाखांतून आलेल्या पदवीधरांस तेथे कायद्याच्या पदवीचा अभ्यासक्रम खुला केला. तेव्हापासून हा विषय विद्यापीठीय चर्चेत ठळकपणे आला. तथापि यात नवा आहे तो संस्थेचा घाट. त्यामागची गरज बरीच जुनी आहे. या तीन विद्या एकमेकींपासून दूर राहिल्या याचे कारण त्यांच्या विषयस्वरूपात नसून त्यांच्या संस्था ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमात आहे, आणि या फारकतीची अडचण पेटंटच्या क्षेत्रात सर्वांत स्पष्टपणे प्रत्ययास आली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी मुंबईचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

१

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन केली व १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. याच सुमारास, १८५५ साली, सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ निर्माण झालेल्या अध्यासनातून शहरात कायद्याचे अध्यापन सुरू झाले. आजचे शासकीय विधि महाविद्यालय ते हेच. १८५७ मध्ये विद्यापीठ आले. म्हणजे गिरणी, विधिशिक्षण आणि विद्यापीठ ही तिन्ही तीन-चार वर्षांच्या अवधीत एकाच शहरात उदयास आली. परंतु गिरणीला लागणारी यंत्रविद्या शिकविण्याची व्यवस्था होण्यास पुढे तीस वर्षे लागली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, भायखळ्यास निघाली आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेली. वाणिज्याच्या वाट्याला याहूनही अधिक विलंब आला. सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले ते १९१३ साली.

या क्रमाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. न्यायालयास वकील हवे होते, म्हणून कायदा प्रथम आला. गिरण्यांस जाणते कारागीर व देखरेख करणारे हवे होते, म्हणून तंत्रविद्या नंतर आली. आणि पेढ्या, विमा कंपन्या व बँका यांचा व्याप वाढल्यावर वाणिज्यास विद्यापीठाची मान्यता मिळाली. वास्तविक या तिन्ही गरजा एकाच औद्योगिक शहराच्या होत्या. गिरणीचे यंत्र विलायतेहून मागविताना करार करावा लागे, त्यासाठी भांडवल उभारावे लागे आणि यंत्र चालविणारा माणूसही तयार करावा लागे. व्यवहारात एक असलेले हे कार्य शिक्षणात मात्र तीन इमारतींत विभागले गेले.

या इमारतींमधून ये-जा करणारी माणसे नव्हती असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२५ पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. आणि १९३५ मध्ये ते शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ व न्यायालयात उभा राहणारा बॅरिस्टर येथे एकच होता. पण असा संगम व्यक्तीच्या असामान्य परिश्रमातून घडून येई. सामान्य बुद्धीच्या, परंतु उद्योगी विद्यार्थ्यास तो साध्य करून देणारी वाट विद्यापीठाने आखलेली नव्हती.

२

ही उणीव सर्वाधिक जाणवावी असे क्षेत्र म्हणजे पेटंट अथवा एकस्व. पेटंटचा अर्ज हा कायद्याचा दस्तऐवज असतो. त्यातील वर्णन यंत्राचे वा रसायनाचे असते. आणि त्याचा हेतू बाजारपेठ काही वर्षे आपल्या हाती राखण्याचा असतो. तिन्ही अंगांपैकी एक जरी न कळले तरी उरलेल्या दोहोंचा अर्थ अपुरा राहतो.

हिंदुस्थानात शोधांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८५६ साली झाला. राणीची पूर्वसंमती घेतली गेली नव्हती म्हणून तो १८५७ मध्ये रद्द करावा लागला व १८५९ मध्ये पुन्हा नवा कायदा करण्यात आला. पुढे १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतरही तोच दीर्घकाळ चालू राहिला. स्वतंत्र भारताने त्याची तपासणी दोनदा करविली : प्रथम न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या समितीकडून, आणि नंतर १९५७ मध्ये न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्याकडून. अय्यंगार यांचा अहवाल १९५९ साली सादर झाला. भारतातील पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परकीयांच्या मालकीची असून त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा येथे प्रत्यक्ष उत्पादनासाठी उपयोगच होत नाही, असे त्यात दाखवून देण्यात आले होते.

या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला व २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमान्वये अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट मिळेनासे झाले. ते केवळ पदार्थ तयार करण्याच्या पद्धतीवर मिळू लागले. अन्न व औषधे यांच्या पद्धतीवरील हक्काची मुदतही पेटंट मोहोरबंद झाल्यापासून पाच वर्षे किंवा तपशील दाखल केल्यापासून सात वर्षे, यांपैकी जी अल्प असेल ती, अशी ठरली. ‘पदार्थ’ आणि ‘पद्धती’ हा भेद विधिज्ञास शब्दांचा वाटतो. एकच रेणू अनेक मार्गांनी सिद्ध करता येतो, हे रसायनज्ञास ठाऊक असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की औषधाची किंमत उतरते, हे उद्योजक जाणतो. कायद्याच्या एका कलमात तीन विद्या कशा एकवटतात याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या कलमाचा लाभ घेणारे रसायनतंत्रज्ञ देशात तयार होते म्हणूनच ते फलद्रूप झाले, हेही विसरता कामा नये. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला होता. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये उघडली. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. कायद्याने वाट मोकळी केली. ती चालून जाण्याचे बळ या संस्थांनी पुरविले.

३

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधांवरही पदार्थ-पेटंट देणे भारतास भाग पडले. त्यापूर्वीच परिस्थितीचा रोख ओळखू येऊ लागला होता. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मुंबईच्या उपरोक्त विभागातून शिकलेले रसायन अभियंता होत. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट परकीय कार्यालयासमोर छापील पुराव्याने सिद्ध करावी लागते, हा धडा त्या प्रकरणाने दिला.

कायद्यानेही आता ही मागणी नोंदविली आहे. पेटंट एजंट होण्यासाठी १९७० च्या मूळ कायद्यात कोणत्याही विद्याशाखेची पदवी पुरेशी होती. २००२ च्या दुरुस्तीने ती विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रविद्या यांतीलच असली पाहिजे असे ठरविले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेट या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपास पेटंट नाकारले, तेव्हा वाद ‘परिणामकारकता’ या एका शब्दाभोवती फिरत होता. नव्या रूपातील औषध शरीरात ३० टक्के अधिक प्रमाणात उपलब्ध होते, असा नोव्हार्टिस कंपनीचा दावा होता. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, आणि अधिक प्रमाणात उपलब्ध होणे म्हणजे ती शक्ती वाढणे असे आपोआप सिद्ध होत नाही, असा न्यायालयाचा निर्णय झाला. शब्दाचा अर्थ न्यायालयाने लावला. पण तो लावताना औषधशास्त्राचा आधार घ्यावा लागला, आणि निर्णयाचा परिणाम रुग्णाच्या खिशावर झाला.

या इतिहासावरून संयुक्त अभ्यासक्रमाची एक कसोटी काढता येते. तीन शाखांच्या पाठ्यक्रमांतील काही प्रकरणे उचलून एका पत्रिकेत एकत्र बांधली, तर त्यातून विद्यार्थ्यास तीन विद्यांचा केवळ परिचय घडेल. त्याच्यापुढे १९७० चे पाचवे कलम किंवा २०१३ चा निर्णय ठेवून तो तिन्ही बाजूंनी उकलावयास सांगितला, तर मात्र त्यास अध्ययन म्हणता येईल. याचा अर्थ एका विद्येत पक्की बैठक असल्याविना दुसरीकडे जाऊ नये असाही होतो. खरगपूरने आधीची पदवी आवश्यक मानली, ती या दृष्टीने योग्यच म्हटली पाहिजे.

आपल्या विभागातील संशोधकांस या विषयात बरेच करता येण्याजोगे आहे. विद्यापीठाच्या जुन्या दिनदर्शिका, तंत्रशिक्षण संस्थांचे वार्षिक अहवाल आणि पेटंट कार्यालयाची प्रकाशने एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर कोणत्या दशकात कोणत्या शाखेचे पदवीधर शोधांच्या नोंदणीकडे वळले, याचा सुसंगत आलेख तयार होऊ शकेल. संयुक्त अध्ययनाचा नवा अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळांस अशा आलेखाचा उपयोग परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांहून निश्चितच अधिक होईल.