अर्थ नसलेले शब्द

परवा दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात शेजारच्या खोलीत नातवाने 'ईना मीना डीका' लावलं. झोप तर गेलीच, पण चाळीस वर्षांपूर्वीचं एक पाप आठवलं.

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या मुलांनी हे गाणं बसवलं होतं. मी मराठीची शिक्षिका. "या शब्दांना अर्थ काय रे?" असं विचारून ते काढायला लावलं. मुलांचे पडलेले चेहरे अजून आठवतात.

गाणं १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं. एकदा किशोरकुमारने म्हटलेलं, एकदा आशाताईंनी. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर यांचं. अण्णांच्या वाद्यवृंदात गोव्याची मंडळी असत. १९५१ च्या 'अलबेला'त ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या 'ईनी मीनी'वरून हे शब्द सुचले आणि अण्णांचे दुसरे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीतलं 'मला नको' घातलं, असं सांगतात.

या खेपेला मात्र कान देऊन ऐकलं. बिग बँडमध्ये ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असे वेगवेगळे ताफे असतात. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. शब्दांना अर्थ असला की वाद्यं मागे सरून गायकाला वाट देतात. अर्थ काढून घेतला की गळा त्या ताफ्यातलंच एक वाद्य होतो. ट्रंपेटवाला जिभेने 'तु-कु' करत सूर तोडतो ना, गाण्यातली ती तुटक अक्षरं नेमकं तेच काम करतात. म्हणजे ती निरर्थक असली तरी बिनकामाची नव्हती!

अमेरिकेत ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडबरोबर १९२७ साली अ‍ॅडलेड हॉल या गायिकेने 'क्रिओल लव्ह कॉल' शब्दांशिवाय गायलं. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या तराण्याला मी कधी अर्थ विचारला होता का?

त्या मुलांपैकी एकजण अजून फडके रोडवर भेटतो. डोक्यावरचे केस गेलेत, पण "बाई" म्हणून वाकून नमस्कार करतो. पुढच्या वेळी भेटला की सांगणार आहे, बाळा, तेव्हा चूक माझी होती.