सांडपाण्याच्या भट्टीत टिकलेला उत्प्रेरक

सांडपाणी आटवायचं नाही, उकळू द्यायचं नाही, पाण्यातल्या पाण्यात त्यातली घाण हवेने जाळायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एफ. जे. झिमरमन कागद-लगद्याच्या गिरणीतल्या टाकाऊ द्रावातून व्हॅनिलिन काढण्याच्या खटाटोपात होते. त्यातून ओल्या ऑक्सिडीभवनाचं हे तंत्र आकाराला आलं आणि १९५४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यात उत्प्रेरक नव्हताच. साधारण १५० ते ३२० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते २०० बार दाब, सगळा भार त्यावरच. एवढं करूनही अ‍ॅसेटिक आम्ल आणि अमोनिया मागे उरायचेच.

तापमान उतरवायचं तर उत्प्रेरक हवा, आणि हाताशी होतं तांबं. त्याचे क्षार पाण्यात विरघळवले की काम झकास होतं. पण मग ते तांबं परत काढणार कसं? भारतात नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एक विष काढायला दुसरं घालण्यातला हा प्रकार.

म्हणून तांब्याला घन पदार्थावर बसवायचं ठरलं. सदाना आणि कॅट्झर यांनी १९७४ मध्ये अ‍ॅल्युमिनावरच्या कॉपर ऑक्साइडने फिनॉलचं ऑक्सिडीभवन अभ्यासलं. इथे खरी गोम कळते. फिनॉलचं बिनरंगी पाणी आधी तपकिरी होतं, कारण क्विनोनं तयार होतात. ती फुटली की रंग जातो, पण तोवर मॅलेइक, ऑक्झॅलिक, फॉर्मिक अशी आम्लं साचून पीएच खाली घसरलेला असतो. त्या आम्लात कॉपर ऑक्साइड विरघळतं, आणि विरघळलेलं तांबंच उरलेलं फिनॉल खात सुटतं. प्रयोग करणाऱ्याला वाटतं, उत्प्रेरकाच्या गोळ्या छान चालल्यात! शिवाय गरम पाण्यात अ‍ॅल्युमिना स्वतःच बोहमाइटमध्ये बदलते, आधारच खचतो.

जपानी संशोधकांनी, विशेषतः इमामुरा यांनी, मँगनीज-सेरियमची मिश्र ऑक्साइडं पुढे आणली. त्यांतून धातू पाण्यात फारसा झिरपत नव्हता. पण क्यूबेकच्या लाव्हाल विद्यापीठातल्या हमूदी, लराची आणि सयारी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस वापरलेला उत्प्रेरक तपासला, तेव्हा पाण्यातून गेलेल्या कार्बनचा बराच भाग त्याच्याच अंगावर थर होऊन बसलेला दिसला. घाण जळली नव्हती, तिने फक्त जागा बदलली होती. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सगळ्यात डोळे उघडणारा शोध हाच.

उद्योगात टिकले ते महाग पर्याय. जपानच्या निप्पॉन शोकुबाई कंपनीने टायटॅनिया-झिरकोनियावर प्लॅटिनम-पॅलेडियम वापरलं, तर फ्रान्समधल्या ल्योंच्या संशोधकांनी रुथेनियमकडे मोर्चा वळवला. टायटॅनिया आणि झिरकोनिया गरम आम्लात शाबूत राहतात, आणि हे धातूही सहसा विरघळत नाहीत. क्लोराइड, गंधक हे शत्रू मात्र राहतातच.

आपल्याकडे माटुंग्याच्या तेव्हाच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेतल्या मिश्रा, महाजनी आणि जोशी यांचा ओल्या ऑक्सिडीभवनावरचा १९९५चा आढावा या विषयात शिरणाऱ्याने वाचायलाच हवा. आणि एखाद्या निबंधात ‘९९ टक्के फिनॉल नष्ट’ दिसलं, तर आधी तीन गोष्टी शोधा: गाळलेल्या पाण्यात धातू किती उतरला, वापरलेल्या उत्प्रेरकावर कार्बन किती चढला, आणि तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरल्यावर आकडा किती राहिला. यातलं काहीच दिलं नसेल, तर त्या ९९ टक्क्यांवर विसंबू नका.