भूकंपाची भीती मेंदूत कशी तयार होते?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे लहान-लहान धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरात ते सर्वाधिक होते. कासा भागातही जमीन हादरत होती. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून हळदपाड्यातील दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. भर थंडीत पाड्यांवरची माणसे घराबाहेर झोपू लागली.

अशा वेळी झोप उडते, छाती धडधडते, धक्का नसतानाही जमीन हलल्याचा भास होतो. कोणी याला भित्रेपणा म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. प्रत्यक्षात हे चेतापेशी आणि संप्रेरकांचे काम आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी (न्यूरॉन) असतात. एका पेशीतून संदेश विद्युत लहरीच्या रूपाने अक्षतंतूच्या टोकापर्यंत जातो. पुढची पेशी बहुतेक ठिकाणी तिला चिकटलेली नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. तिथे पहिली पेशी रसायन सोडते आणि दुसरी ते ओळखते. संदेश असा रसायनातून जातो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून दाखवले.

जमीन हादरली की मेंदू दोन वाटांनी शरीराला सावध करतो. पहिली वाट वेगवान आहे. चेतातंतूंचा संदेश मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचतो आणि अॅड्रेनलिन रक्तात उतरते. काही क्षणांत नाडी वाढते, पाय पळायला तयार होतात.

दुसरी वाट संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातील (हायपोथॅलॅमस) काही चेतापेशी स्वतःच संप्रेरक स्रवतात. ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते, पीयूषिकेचे संप्रेरक अधिवृक्क ग्रंथीला, आणि मग कॉर्टिसॉल वाढते. पुरेसे कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचले की अधश्चेतक आपले काम मंद करतो. म्हणजे थांबण्याची सोयही शरीरातच आहे. मात्र धक्के महिनोन्महिने येत राहिले, तर शरीराला निवांत होण्याची संधीच मिळत नाही. झोप, पचन, लक्ष आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो.

कारणांशिवाय काही उत्पन्न होत नाही, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपल्याला इथे उपयोगी पडतो. भीतीलाही कारणे आहेत आणि ती समजावून सांगता येतात. म्हणून पाड्यावर जाताना आपण कोणाच्या श्रद्धेची टिंगल करू नये. आधी ऐकावे, मग शरीरात काय घडते ते साध्या शब्दांत सांगावे. अफवा पुढे पाठवू नयेत. आनापानसतीत श्वासाकडे लक्ष देताना तो आपोआप संथ होतो. संथ श्वासाने नाडी खाली येण्यास मदत होते, हेही शिकवावे.

पण ध्यान हे उपचाराची जागा घेत नाही. त्रास महिनाभर टिकला किंवा रोजचे काम अशक्य झाले, तर डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.

आणि ज्याच्या घराच्या भिंतीला तडा गेला आहे, त्याचा मेंदू खोटा इशारा देत नाही. त्याला धीर देतानाच, घराच्या दुरुस्तीसाठी आम्ही आणि तुम्ही त्याच्यासोबत तहसील कार्यालयात उभे राहिले पाहिजे.