कान्हेरी : ग्रंथांसाठी दिलेला द्रम्म

मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीच्या अरण्यात, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. प्राचीन लेखांतून या डोंगरास ‘कण्हसेल’ व पुढे ‘कृष्णगिरी’ म्हटले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथील काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी कोरली गेली व भिक्षुसंघाने नांदती राहिली. प्रवासी बहुधा तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृह आणि प्रचंड बुद्धमूर्ती पाहून परततो. परंतु संघाचे नित्यजीवन उमगते ते दारालगतच्या पाण्याच्या टाक्यांवरून आणि भिंतींवरील दानलेखांवरून.

हे दाते केवळ राजे नव्हते. कल्याणचा सोनार, लोहार, सोपारा-नाशिकचे व्यापारी, गृहस्थांच्या स्त्रिया, भिक्षुणी यांनी कोणी टाके, कोणी आसन, कोणी शेत दिले. ‘अक्षयनीवी’ म्हणजे मुद्दलास हात न लावता उत्पन्नावर चालणारे दान, ही येथील रूढ व्यवस्था होती.

राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक शिलाहार पुल्लशक्ती याच्या काळातील, शके 765 (इ.स. 843) चा लेख मात्र ग्रंथप्रेमीस विशेष मोलाचा वाटावा. बुद्धपूजा, विहाराची दुरुस्ती आणि भिक्षूंची वस्त्रे यांच्या जोडीने त्यात ग्रंथांसाठी एका द्रम्माची तरतूद आहे. रक्कम सर्वांत लहान. पण अन्नवस्त्राइतकीच पोथीही संघाची नित्य गरज आहे, हे तीत मान्य केलेले आहे.

पुढे दात्यांचा ओघ आटला, संघ पांगला, लेणी रानाच्या स्वाधीन झाली. पोथ्या गेल्या, दानाची नोंद तेवढी दगडावर उरली. ग्रंथसंग्रह इमारतीच्या भक्कमपणावर टिकत नाही, पिढ्यानपिढ्या येणाऱ्या अशा लहान द्रम्मांवर टिकतो, हीच कान्हेरीची साक्ष होय.