कादंबरीची साक्ष

कै. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी आम्हीं नुकतीच पुन्हां एकदां वाचून संपविली. तिच्या कलागुणांविषयीं टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाहीं. आमच्यापुढें प्रश्न आहे तो इतिहासाचा. एकोणिसाव्या शतकांतील आपल्या समाजाचा इतिहास लिहूं पाहणारानें अशा कल्पित कथेची साक्ष घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणत्या बाबतींत?

ही कथा ‘करमणूक’ पत्रांतून १८९० ते १८९३ या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तोच काळ संमतिवयाच्या वादाचा. मुलीचें संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा १८९१ च्या मार्च महिन्यांत झाला. परक्या सरकारनें आमच्या धर्माचारांत हात घालूं नये म्हणून टिळकांनीं त्यास विरोध केला. आगरकर व डॉ. भांडारकर यांनीं त्याचा पुरस्कार केला. या वादाचें दप्तर मोठें आहे. अर्ज, सभांचे वृत्तांत, अग्रलेख, शास्त्रार्थ, सर्व कांहीं त्यांत सांपडतें. परंतु जिच्या वयाचा एवढा खल चालला होता, ती त्या कागदांत क्वचितच बोलतांना आढळते.

आपट्यांनीं नेमकें तिलाच बोलतें केलें. यमू आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते: माहेरचें बाळपण, लग्न, सासरचा जाच, शिकलेल्या पतीच्या सहवासांतील थोडें सुख, मग वैधव्य, आणि अखेरीस तिच्या इच्छेविरुद्ध झालेलें केशवपन. येथें वाचकांनीं एक सन ध्यानांत ठेवावा. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालींच झाला होता. यमूची कथा छापून येऊं लागली तेव्हां त्यास ३४ वर्षें लोटलीं होतीं. तरी तिच्या माजघरांत तो शिरलेला नाहीं. शिवाय त्या कायद्यानें दिलें तरी काय? पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच्याच दुसऱ्या कलमानें संपुष्टांत आणला. केशवपनाच्या सक्तीविषयीं तर त्यांत अक्षरही नव्हतें.

कोणी म्हणेल, लेखणी पुरुषाची, पात्रें कल्पित. ही कसली साक्ष? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. अशा विधवा किती होत्या हें कादंबरी सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं खानेसुमारीचीं कोष्टकेंच पाहिलीं पाहिजेत. शिवाय हें चित्र ब्राह्मण मध्यमवर्गाचें आहे; ज्या अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती, त्यांस तें जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. परंतु स्त्रियांनीं स्वतः लिहिलेले ग्रंथही आपल्यापाशीं आहेत. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालीं निघाली. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. एकीच्या लेखनांत संताप आहे, दुसरीच्या लेखनांत संयम. शिकण्याबद्दल घरांतल्या बायकांकडून रमाबाईंस जें सोसावें लागलें, तें यमूच्या हकीकतीशीं ताडून पाहावें. आपट्यांनीं हें घर केवळ कल्पनेंतून उभारलें नाहीं, अशी खात्री पटेल.

कायदा केव्हां झाला हें दप्तर सांगतें. तो घरांत कां पोंचला नाहीं हें कादंबरी दाखविते. यमूस छळणारीं माणसें थोडीं आहेत. तिची कींव येऊनही लोकलज्जेनें गप्प बसणारीं पुष्कळ. या गप्प बसण्याची नोंद कोणत्याही सरकारी कागदांत होत नसते, आणि अनिष्ट रूढि जगते ती बहुतांशीं त्याच्याच बळावर. म्हणून कायद्याचा सन लिहून सुधारणेचें प्रकरण तेथेंच मिटविणाऱ्या इतिहासकारास आमची विनंति आहे कीं, त्यानें हें पुस्तक एकवार वाचावें. त्याच्या नांवांतला प्रश्न यमूच्या आप्तेष्टांस जितका लागू आहे, तितकाच त्यासही आहे.