प्रक्रियेची आकृती आणि विद्यापीठाचे काम : उद्योगप्रणालींच्या पदव्युत्तर अभ्यासाचा एक इतिहास

उद्योगसंस्थेची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब ही कामे एकाच सामाईक माहितीसाठ्यावर चालविणाऱ्या संगणकप्रणालीस 'ईआरपी' म्हटले जाते. हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकविताना एक प्रश्न टाळता येत नाही : कंपनीने घडविलेली वस्तूच शिकवावयाची असेल, तर विद्यापीठाचे स्वतःचे काम कोणते? जर्मनीतील एका घटनाक्रमाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी 'सॅप' कंपनी स्थापन केली. आरंभी त्यांच्याजवळ स्वतःचा संगणकही नव्हता. आयसीआय या पहिल्या ग्राहकाच्या नायलॉन कारखान्यातील संगणकावर त्यांचे काम चाले. १९८८ पासून या कंपनीने विद्यापीठांना आपली प्रणाली अध्यापनासाठी देण्याचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रणाली हाताळता आली, नोकरीच्या दृष्टीने हा लाभ मोठाच होता. मात्र कोणत्या पडद्यावर कोणती नोंद करावी, एवढ्यावर अभ्यास थांबला तर तो प्रशिक्षणवर्ग ठरतो.

सारब्रुकेन येथील सारलँड विद्यापीठात याच काळात निराळे काम चालू होते. आउगुस्ट-विल्हेल्म शेअर १९७५ पासून तेथे व्यवसायमाहितीशास्त्र शिकवीत. व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र यांच्या संधीवरील ही ज्ञानशाखा जर्मनीत स्वतंत्रपणे रुजली आहे. 'आर/३' प्रणाली बाजारात आली त्याच वर्षी, म्हणजे १९९२ मध्ये, केलर, न्युटगेन्स आणि शेअर यांनी 'घटनाचालित प्रक्रियाशृंखला' ही आकृतिपद्धती मांडली. नाव बोजड असले तरी रीत सोपी आहे. 'मागणी आली' ही घटना, 'मागणी तपासणे' हे कार्य. त्यातून 'मागणी स्वीकारली' किंवा 'मागणी नाकारली' यांपैकी एक घटना निष्पन्न होते. घटना आणि कार्य आळीपाळीने येतात आणि शाखा जेथे फुटतात वा जुळतात तेथे 'आणि', 'किंवा', 'दोहोंपैकी एकच' अशी जोडचिन्हे असतात. 'आर/३'चे संदर्भ-प्रतिमान पुढे याच पद्धतीने रेखाटले गेले. विद्यापीठातील सहकार्यातून निघालेली रीत अशी कंपनीच्या कागदपत्रांत गेली.

खरा कस मात्र त्यानंतर लागला. आकृती डोळ्यांना पटते म्हणून ती तर्काने बरोबर असतेच असे नाही. वरील उदाहरणातील दोन शाखा पुढे चुकून 'आणि' या चिन्हाने जोडल्या, तर प्रक्रिया कधीच न येणाऱ्या शाखेची वाट पाहत अडकून पडते. कागदावर हा दोष सहज नजरेतून सुटतो, विशेषतः आकृती चार-पाच पानांची असेल तेव्हा. १९९९ मध्ये विल व्हान डर आल्स्ट यांनी पेट्री-जालांच्या साहाय्याने अशा आकृत्यांना गणिती अर्थ देऊन त्या पडताळण्याची रीत मांडली. पडताळणी यंत्राकडून करून घेणे त्यामुळे शक्य झाले.

२००६ मध्ये यान मेंडलिंग आणि सहकाऱ्यांनी सॅपच्या संदर्भ-प्रतिमानातील ६०४ आकृत्या अशा तपासणीखाली आणल्या. त्यांपैकी किमान ३४ सदोष निघाल्या. प्रमाण सुमारे साडेपाच टक्के, म्हणजे लहानच. पण ही कोणा नवशिक्या विद्यार्थ्याची वही नव्हती. इतर संस्थांनी आपल्या प्रक्रिया जिच्याशी ताडून पाहाव्यात, अशी ती संदर्भसामग्री होती.